शिवलेली चुंबळ

तेजस्वीची मान सरळ झाली तेव्हा वसुंधरेला आधी आनंदच झाला. आता ते आठवलं की तिला स्वतःचीच चीड येते, पण झाला होता खरा. त्या मानेपायी मायलेकींची रोज खडाजंगी व्हायची. तेवीस वर्षांची धडधाकट पोरगी, पण सदा मोबाइलमध्ये नाक खुपसलेलं, खांदे पुढे, पाठीला पोक. सरळ बस, सरळ बस, असं वसुंधरा दिवसातून दहादा म्हणायची आणि तेजस्वी दहादा कानाडोळा करायची. आणि जानेवारीतल्या एका मंगळवारी ती तालमीहून घरी आली ती ताठ मानेनं. हनुवटी वर, नजर समोर. वसुंधरेनं मनात म्हटलं, चला, एवढा खटाटोप केला त्याचं काहीतरी चीज झालं.

खटाटोप कसला ते सांगायला हवं. वसुंधरा गेली पंचवीस वर्षं लोकांची डोकी सजवते. नाटकांच्या पगड्या, मालिकांमधले मुकुट, लग्नातले फेटे, शाळेच्या गॅदरिंगचे जिरेटोप. वसई स्टेशनच्या पश्चिमेला दुसऱ्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट आहे. तिथे हॉलच्या भिंतीला लागून अकरा लाकडी डोकी ओळीनं मांडलेली असतात. नवा दूधवाला पहिल्या दिवशी दचकतो, दुसऱ्या दिवशी विचारतो आणि तिसऱ्या दिवसापासून त्यांच्याकडे बघतही नाही. नवरा श्रीरंग बँकेच्या बदलीवर रत्नागिरीला, त्यामुळे घरात दोघीच. वसुंधरा देवभोळी नाही, उपासतापास करत नाही, मांजर आडवं गेलं तर मांजराला वाट देते. तिचा विश्वास मापाच्या टेपवर.

हे काम आणलं हर्षवर्धन सरांनी. विरारच्या एका कॉलेजात ते इतिहास शिकवतात आणि 'शूर्पारक मंडळी' नावाचा तरुण पोरापोरींचा एक गट चालवतात; तेजस्वी त्यातलीच. जानेवारीच्या शेवटच्या रविवारी सोपाऱ्यात हजार वर्षांपूर्वीच्या बंदराची मिरवणूक काढायची, शिलाहारांच्या काळातले व्यापारी, नावाडी, सैनिक, बायका, सगळं जसंच्या तसं, असा त्यांचा बेत होता. जसंच्या तसं म्हणजे खरोखर जसंच्या तसं. जरीकाम चालणार नाही, सेफ्टी पिन चालणार नाही, मशीनची शिवण चालणार नाही. "मॅडम, एकच नियम," ते पहिल्याच भेटीत म्हणाले होते. "दगडात दिसतं ते करायचं. दिसत नाही ते करायचं नाही."

पुरुषांची पागोटी वसुंधरेनं आठवड्यात उरकली. घोडं अडलं बायकांवर. त्या काळच्या शिल्पांतल्या बायका बहुतेक उघड्या डोक्याच्या. अंबाडे, फुलं, फार तर कपाळावर एखादी पट्टी. डोक्यावर घालायचं असं खास काही सापडेना. मग सरांना चांदीपच्या अलीकडे, एका शेताच्या बांधावर, कंबरभर उंचीचा एक दगड दाखवला कुणीतरी, आणि सर हरखून गेले.

दगडावर तीन बायका एकामागून एक चाललेल्या. पहिल्या दोघींचे नुसते अंबाडे. तिसरीच्या डोक्यावर मात्र जाडजूड गोल कडं, पिळाचं, मध्ये पोकळ. तिचा डावा हात वर उचललेला, पंजा उघडा, पण तो कड्याला टेकलेला नाही, त्याच्याही वर, हवेत असल्यासारखा. सर म्हणाले, नृत्याची मुद्रा आहे आणि हे मानाचं शिरोभूषण आहे, बघा ना, बाकी दोघींना नाही. तिच्या डोक्यावर दगडाचा टवका न काढलेला एक ओबडधोबड उंचवटा राहिला होता. वसुंधरेनं विचारलं तेव्हा सर म्हणाले, काम अर्धवट राहिलं असेल, वर काही कोरलेलं नाही म्हणजे वर काही नव्हतं.

वसुंधरेनं दगडावर पातळ कागद ठेवून आकार उतरवून घेतला, टेपनं मापं घेतली. घरी येऊन कामाला लागली. पिळात भरायला सांडोरच्या ओळखीच्या वाडीतून केळीच्या खोडाचं वाळलेलं सोपट आणलं. वरून हातमागाचं बिनरंगी कापड. आता असं कडं साधारणपणे कापड पिळून, टोक आत खोचून करतात; पण दगडातल्या कड्याला ना टोक दिसत होतं ना गाठ. म्हणजे गाठ नव्हती. मग तिनं ते आतून शिवलं. बारीक टाके, दुहेरी दोरा, दोन टाक्यांमधून नख जाणार नाही असे. सुटायचं नाव नको. दोन दुपारी गेल्या. शेवटचा टाका घालून तिनं ते अकराव्या लाकडी डोक्यावर ठेवलं, लांबून पाहिलं, आणि स्वतःवर खूश झाली.

तिसरी बाई कोण होणार, यावर गटात बरेच रुसवेफुगवे झाले म्हणे. कडं मात्र बसलं तेजस्वीच्याच डोक्याला, जसं तिचं माप घेऊन केलं असावं. वसुंधरेनं मापं दगडाची घेतली होती.

तर, मान सरळ झाली. सर फोनवर म्हणाले की तेजस्वी कमाल चालते, हुबेहूब. वसुंधरेची कॉलर ताठ झाली.

गुरुवारी तिच्या लक्षात आलं की कडं चेपलंय. चार बोटं जाडीचा पीळ दोन बोटांवर आलेला, वरची बाजू सपाट. हिनं बॅगेत कोंबलं असणार नाहीतर वर बसली असणार, म्हणून तिनं तेजस्वीला फैलावर घेतलं. तेजस्वी म्हणाली, नाही गं, हातात धरूनच आणलं. वसुंधरेनं थोडी शिवण उसवली, आणखी सोपट ठासून भरलं, पुन्हा शिवलं. भरताना आतलं सोपट ओलसर लागलं. घाम असेल. पण वास घामाचा नव्हता. चिखलाचा होता, तळ्याच्या काठावरच्या.

शुक्रवारी ते पुन्हा दोन बोटांवर आलं.

मग तिचं लक्ष मुलीकडे जायला लागलं. तेजस्वी दारातून आत येताना गुडघे वाकवायची. मान नाही, पाठ नाही, फक्त गुडघे. दाराच्या चौकटीत आणि तिच्या डोक्यात चांगलं दीड फूट अंतर, तरी ती खाली होऊन यायची, आत आल्यावर सावकाश वर उठायची. वसुंधरेनं विचारलं, हे काय नवीन? तेजस्वीला कळेचना कशाबद्दल विचारतेय ते. मोबाइल आता ती डोळ्यांच्या समोर, उंच धरून बघायची. जेवताना ताटाकडे बघायची नाही, चाचपून घास उचलायची. आमटीचा ओघळ ताटाबाहेर आला तेव्हा वसुंधरेनं दरडावलं, खाली बघून जेव.

"नको," तेजस्वी साधेपणानं म्हणाली. "सांडेल."

वसुंधरेला वाटलं, आमटीबद्दल बोलतेय.

हे सगळं कडं डोक्यावर नसताना. कडं अकराव्या लाकडी डोक्यावर, भिंतीपाशी.

रविवारी सकाळी तेजस्वीच्या हातून चहाचा कप निसटला. डाव्या हाताला मुंग्या येतात म्हणाली, दोन दिवस झाले. वसुंधरेनं आधी तिच्या पद्धतीनं शोध घेतला. न्हाणीघराबाहेरचा वजनकाटा ओढला आणि पोरीला उभं केलं. तेजस्वीचं वजन कॉलेजपासून एकोणपन्नास. काटा एकसष्ट दाखवत होता. वसुंधरेनं सेल बदलले. एकसष्ट. स्वतः उभी राहिली, तिचं नेहमीचं अठ्ठावन्न बरोबर आलं. कडं स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर ठेवलं तर ते तीनशे ग्रॅमच्या आतबाहेर. वसुंधरेनं टेप काढून पोरीची कंबर, दंड, मांडी मोजली. एका दोऱ्याचाही फरक नाही.

सोमवारी डॉक्टरांकडे एक्स-रे काढला. डॉक्टरांनी तो उजेडात धरला, खाली ठेवला, परत धरला.

"तुम्ही डोक्यावर ओझी वाहता का?"

तेजस्वी हसली. वसुंधरा नाही हसली.

डॉक्टर म्हणाले, बांधकामावर घमेली वाहणाऱ्या बायकांची मान अशी दिसते, पण पंचवीस-तीस वर्षांच्या कामानंतर. मणके एकमेकांवर दाबले गेलेत, मध्ये नस सापडतेय. जे काय करता ते ताबडतोब बंद करा. महिनाभर हे असंच राहिलं तर हात जाईल, आणि नुसत्या हातावर थांबणार नाही.

वसुंधरेनं घरी येऊन कडं कपाटात टाकलं, कुलूप लावलं, किल्ली स्वतःच्या पर्समध्ये. तेजस्वी उभी होती. दोन दिवसांपासून ती बसतही कमी होती. मंगळवार, बुधवार, गुरुवार वसुंधरा रोज सकाळी तिला काट्यावर चढवत राहिली. एकसष्ट. एकसष्ट. बासष्ट.

वसुंधरेला खात्री होती की चूक आपल्या हातची आहे. मापात चुकलं, दाब चुकीच्या जागी आला, नस दुखावली, आणि वजनकाट्याचं काय ते नंतर बघू. श्रीरंगला फोनवर तिनं नुसतं मान धरलीय एवढंच सांगितलं. शनिवारी सकाळी तिनं स्कूटर काढली आणि पूल ओलांडून पूर्वेला, हायवे सोडून चांदीपच्या रस्त्याला लागली. मूळ मापं पुन्हा घ्यायची, असं ठरवून.

दगड होता तिथेच होता. ऊन चांगलं वर आलं होतं, शेतात वालाचे वेल पसरलेले. वसुंधरेनं टेप लावली. सगळी मापं बरोबर. तिनं तीनदा बघितलं. मग ती सहज उठून उभी राहिली आणि तिसरीच्या डोक्यावरच्या त्या ओबडधोबड उंचवट्याकडे पहिल्यांदाच नीट बघितलं. काम अर्धवट नव्हतं. बाकी सगळा दगड घासून गुळगुळीत केलेला, आणि तेवढा भाग मुद्दाम, चारी बाजूंनी छिन्नी फिरवून, तसाच ठेवलेला. खाली निमुळता, मध्ये फुगीर. आणि तिसरीचा उघडा पंजा नेमका त्या फुगवट्याला टेकलेला.

"जरा हात लावा, बाई."

वसुंधरा दचकली. बांधावर एक सत्तरीची बाई उभी होती, डोक्यावर वालाच्या शेंगांची भरलेली पाटी. शेत तिचंच होतं, नाव शकू. वसुंधरेनं पुढे होऊन पाटीची एक कड धरली. म्हातारीनं गुडघे वाकवले, मान तशीच, आणि पाटी दोघींनी मिळून खाली घेतली. पाटी जमिनीला टेकायच्या आत म्हातारीचा दुसरा हात डोक्यावर गेला, तिथली चुंबळ उचलली, एका झटक्यात तिचा पीळ सुटला, आणि हातात राहिला नुसता जुन्या लुगड्याचा तुकडा. तो तिनं तीनदा झटकला आणि खांद्यावर टाकला. इतक्या चटकन की डोळ्याचं पातं लवेपर्यंत झालं.

वसुंधरा त्या फडक्याकडे बघत राहिली. मानाचं शिरोभूषण. अहो, चुंबळ होती ती. तिची आजी कोकणात अशीच चुंबळ करून पाणी भरायची, आणि पंचवीस वर्षं डोक्यांत घालवलेल्या बाईला ते कळू नये. घडाच दिसत नव्हता ना. दिसत नाही म्हणजे नव्हता.

तिनं शकूमावशींना सगळं सांगितलं. मिरवणूक, कडं, पोरगी, वजन. सांगताना वेडगळ वाटत होतं. म्हातारीनं मध्ये एकदाही आश्चर्य दाखवलं नाही, आणि त्याचीच वसुंधरेला भीती वाटली.

"रिकामी चुंबळ डोईवर ठिवत नाय कोनी," ती म्हणाली. "वझं उतरलं की आधी ती सोडायची. आमी या दगडाम्होरून तर तशी नेतच नाय."

"का?"

"जागा केली म्हनल्यावर ठिवनारा ठिवतोच की."

कोण ठेवणारा, ते वसुंधरेनं विचारलं. शकूमावशींनी दगडाकडे पाहिलं. म्हणाल्या, मग सोडा की ती चुंबळ, हाय काय त्यात.

"सुटत नाही, मावशी. मी शिवलीय."

शकूमावशींचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा बदलला. त्या पाटीशेजारी खाली बसल्या. मग म्हणाल्या, उसवून चालणार नाही, वर वझं असताना खालून चुंबळ काढली तर ते मानेवर येईल. आधी वझं उतरवायचं. एकटीला नाही उतरवता येत, दुसरं माणूस लागतं. तिला गुडघ्यात वाकायला सांगा आणि दोन्ही हातांनी धरा. दिसणार नाही, पण हाताला लागेल.

"उतरवून ठेवायचं कुठे?"

"ते मला नाय ठाव, बाई. आमच्यात कोनावर ही पाळीच नाय आली." वसुंधरा स्कूटरकडे निघाली तेव्हा शकूमावशींनी मागून पुन्हा हाक मारली. "आनि उतरवलंत का, मग तुमी डोईला काय गुंडाळू नका. रुमाल नको, पंचा बी नको. काय बी नको."

वसुंधरा दुपारी एकच्या सुमाराला घरी पोचली. दार उघडलं.

तेजस्वी हॉलच्या मधोमध उभी होती. कडं तिच्या डोक्यावर होतं. डावा हात वर, पंजा उघडा, हवेत. मुंग्या येणारा, कपही न पेलणारा तो हात, आणि तो जरासुद्धा थरथरत नव्हता. मानेवरून पाण्याचा बारीक ओघळ तिच्या ड्रेसच्या गळ्यात उतरत होता. पायाशी लादीवर थारोळं झालेलं.

कपाटाला कुलूप होतं. किल्ली वसुंधरेच्या पर्समध्ये.

"कधीपासून उभी आहेस?"

"तू गेल्यापासून." तेजस्वीचे ओठ पांढरे पडले होते. "आई, बसता येत नाही गं. सांडेल."

वसुंधरेनं पर्स खाली टाकली. डोकं कसं कोण जाणे थंड होतं, एखादा मोठा मुकुट नटीच्या डोक्यावरून उतरवताना असतं तसं. ती समोर जाऊन उभी राहिली.

"गुडघ्यात वाक. हळू. मान तशीच ठेव."

तेजस्वी वाकली.

वसुंधरेनं दोन्ही हात तिच्या डोक्याच्या वर नेले. काही नव्हतं. भिंतीपाशी अकरा लाकडी डोकी, खिडकीत ऊन, खालून भाजीवाल्याची हाक. तिनं हात जवळ आणले.

हाताला लागलं.

थंड. गोल. पाझरलेल्या मडक्याला येतो तसा बुळबुळीत गारवा.

तिनं बोटं खाली सरकवली, बुडाला घातली आणि उचललं. खांद्यांतून कळ निघाली. आत पाणी हेलकावलं. तिनं स्वतःच्या कानांनी ऐकलं.

तेजस्वीची मान एकदम पुढे पडली. ती दोन्ही हातांवर कोसळली आणि लहान मुलासारखी हुंदके देऊन रडायला लागली.

"कात्री घे," वसुंधरा म्हणाली. तिचे दोन्ही हात पोटासमोर, रिकाम्या हवेभोवती. "काढ ते डोक्यावरनं आणि उसव. सगळं. एक टाका ठेवू नकोस."

तेजस्वीनं उसवलं. दोन ठिकाणी बोटाला कात्री लागली. कापड सुटलं, सोपट बाहेर पडलं, काळं, कुजलेलं, जणू वर्षानुवर्षं पाण्यात असावं. फडकं तिनं गॅलरीत नेऊन झटकलं. तोवर वसुंधरा उभी होती. दंड फाटत होते. ठेवायचं कुठे, ते कुणीच सांगितलं नव्हतं. शेवटी ती एकेक पाऊल टाकत स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याखालच्या कोपऱ्यात, जिथे काही ठेवलेलं नव्हतं, तिथे वाकून तिनं हातातलं टेकवलं. मातीचं भांडं लादीवर टेकल्याचा आवाज आला. हात हलके झाले. तिचा जीव भांड्यात पडला, आणि मग ती तिथेच ओट्याला टेकून बसून राहिली.

संध्याकाळी वजन एकोणपन्नास भरलं.

मिरवणूक दुसऱ्या दिवशी थाटात झाली. तेजस्वी उघड्या डोक्यानं चालली, अंबाड्यात अबोलीचा गजरा. कडं फाटलं, असं वसुंधरेनं सरांना सांगितलं. सर हळहळले, पुढच्या वर्षी नवं करू म्हणाले. तीन आठवड्यांनी नवा एक्स-रे काढला. डॉक्टर खूश झाले, तरुण शरीर आहे, भरून येतं म्हणाले. तेजस्वी पुन्हा मोबाइलमध्ये नाक खुपसून, पोक काढून सोफ्यावर पडायला लागली. वसुंधरा येता-जाता ते पोक बघायची आणि तिला इतकं बरं वाटायचं की डोळ्यांत पाणी यायचं.

ओट्याखालच्या लादीवर मात्र रोज सकाळी एक ओलं वर्तुळ असायचं. परातीएवढं. ती न बोलता पुसून घ्यायची. तेजस्वीला तिनं सांगितलं नव्हतं. त्या कोपऱ्यात तेवढं काही ठेवू नकोस, पाइप गळतो, म्हणाली होती. प्लंबर दोनदा येऊन गेला, पाइप गळत नव्हता. डोक्याला ती काही गुंडाळत नव्हती. उन्हात जाताना ओढणी नाही, गिऱ्हाइकाला फेटा दाखवायचा तर तो लाकडी डोक्यावर. नाहल्यावर केस मोकळे सोडून पंख्याखाली बसायची. महिना गेला, दीड महिना गेला. वर्तुळ पुसणं हे केर काढण्यासारखंच एक काम होऊन बसलं.

मग हा रविवार. सकाळी नऊची वेळ. वसुंधरा केसांवरून नाहून आली. गिऱ्हाईक दहाला येणार होतं, गॅसवर दूध ठेवलेलं, ते उतू जाण्याचा वास आला म्हणून ती धावली. गॅस बंद केला. फडकं घेतलं, ओटा पुसला, आणि मग सवयीनं ओट्याखालचा कोपरा पुसायला वळली.

लादी कोरडी होती.

तिनं वाकून बघायचं ठरवलं. मान वाकली नाही. तिचे गुडघे वाकले.

तेव्हा तिला कळलं की धावताना, ओले केस डोळ्यांवर येत होते म्हणून, आपण पंचा पिळून डोक्याला गुंडाळलाय. जन्मभराच्या सवयीनं. गोल, टोक आत खोचून.

तिचा डावा हात वर गेलेला होता. कधी गेला, तिला आठवेना. पंजाला थंड लागत होतं.

तेजस्वी जांभया देत आत आली, खांदे पाडून, मान मोबाइलमध्ये. "आई, चहा झाला का?" मग तिनं वर बघितलं आणि थांबली. तिच्या चेहऱ्यावरची झोप हळूहळू उतरली. आईच्या कपाळावरून पाण्याचा एक थेंब नाकाच्या शेंड्यापर्यंत आला होता. तेजस्वीनं मोबाइल ओट्यावर ठेवला आणि दोन्ही हात वर उचलून ती पुढे आली.

"आई, वाक. मी घेते."

"हात लावू नकोस," वसुंधरा म्हणाली, आणि एक पाऊल मागे सरली, हळू, पाणी हलणार नाही इतकी हळू.